मानवी मर्यादा : घरच्या घरी, सोप्या सात पायऱ्यांत

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण? जो शेवटचा जीव तोडून धावला तो डोंबिवलीच्या पुलावरून, ८:१२ची फास्ट सुटताना पाहून; आणि डब्यात शिरल्यावर ठाणं येईपर्यंत ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, तो. अशा माणसाला डॉक्टर 'रोज वीस मिनिटं चालत जा' असं सांगतात. आम्ही सांगणार नाही. वीस मिनिटं चाललेल्या माणसाकडे चारचौघांत सांगण्यासारखं काही नसतं. आपण थेट शेवटचं टोक गाठू : माणूस नावाचा प्राणी जास्तीत जास्त किती जोरात आणि किती लांब धावू शकतो, ती हद्द. एकदा हद्दीचा दगड पाहून आलं, की अलीकडे कुठंही दम खात बसायला आपण मोकळे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. मर्यादा ही एकच एक भिंत नसते. शरीर म्हणजे एक सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिथं पंप आहे, टाकी आहे, बँकेत मुदत ठेव आहे, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर खजिनदार राहतात. धावायला लागलं की यांतलं कुणीतरी एक जण 'आता बस' म्हणतं. शंभर मीटरला जो म्हणतो, तो मॅरेथॉनला गप्प असतो; मॅरेथॉनला जो म्हणतो, त्याचं शंभर मीटरला नावही ऐकू येत नाही. 'बस' कोण म्हणतंय ते ओळखता येणं, एवढाच आपला अभ्यासक्रम.

साहित्य

आई-वडील (योग्य ते) – २. हृदय (चालू स्थितीतलं) – १. बूट – १ जोडी. साखर, मीठ, पाणी – अंदाजाने. मोकळा रस्ता – मिळाल्यास.

आई-वडिलांबाबत सूचना : स्नायूंमध्ये झटकन आकसणारे आणि सावकाश पण चिवटपणे काम करणारे, असे दोन जातींचे तंतू असतात. त्यांचं प्रमाण बऱ्याच अंशी जन्मतःच ठरून येतं. आपल्याकडे लग्न जमवताना छत्तीस गुण जुळवतात, पण मुलीकडचे झटकन आकसणारे की मुलाकडचे, हे एकाही गुरुजींनी आजवर पाहिलेलं नाही. आता उशीर झालेला आहे. आहेत ते आई-वडील वापरा.

बुटांबाबत सूचना : वेगवान बुटांच्या तळव्यात हल्ली उसळणारा फोम आणि कार्बनची कडक पट्टी असते. प्रकरण इतकं वाढलं की २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला : रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलीमीटरहून जाड नको, आणि आत पट्टी एकच. प्रस्तुत लेखकाने अशी जोडी घरी आणली तेव्हा सौ.ने किमतीची चिठ्ठी वाचून एकच प्रश्न विचारला होता : "अहो, यात तुम्हालाही धावावं लागतं का?"

पायरी १ : सुटा

उदाहरणादाखल युसेन बोल्ट घेऊ. १६ ऑगस्ट २००९, बर्लिन, शंभर मीटर, ९.५८ सेकंद. बंदुकीचा आवाज झाल्यावर ०.१४६ सेकंदांनी त्याने पाय रेटला. कुणाला वाटेल, अजून लवकर सुटला असता तर? तर बाद झाला असता. आवाज कानात शिरणार, मेंदूत जाणार, तिथून हुकूम पायापर्यंत उतरणार. या टपालाला वेळ लागतोच. म्हणून ०.१ सेकंदाच्या आत जो हलतो त्याने आवाज ऐकलाच नाही, अंदाज बांधला, असं नियम धरून चालतो. दोनच वर्षांनी, २०११मध्ये देगूला, जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत खुद्द बोल्ट आवाजाआधी सुटला आणि धावण्याआधीच बाद झाला. तेव्हा पहिली मर्यादा लक्षात ठेवा : उतावळेपणालाही किमान एक दशांश सेकंद थांबावं लागतं.

सुटल्यावर बोल्टने ४१ पावलं टाकली. प्रत्येक पाऊल सरासरी अडीच मीटरच्या जरा आत. साठ ते ऐंशी मीटर हा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत पार केला, म्हणजे ताशी साधारण ४४.७ किलोमीटर. शेवटच्या वीस मीटरला तो मंदावला होता. सगळेच मंदावतात, झटपट ताकद पुरवणारा साठा काही सेकंदांचाच असतो. टीव्हीवर बोल्ट शेवटी पुढं झेपावल्यासारखा दिसतो, कारण बाजूचे त्याच्याहून जास्त मंदावलेले असतात. कचेरीतल्या बढत्यांमध्येही हे दृश्य पाहायला मिळतं.

पायरी २ : जमिनीवर पाय ठेवू नका

वेगात धावायचं म्हणजे पाय भराभर हलवायचे, असं आपल्याला वाटतं. चूक. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हळू धावणारे आणि वेगवान अशा दोघांनाही ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा मागचा पाय हवेतून पुढं आणायला दोघांनाही जवळपास सारखाच वेळ लागत होता. म्हणजे हवेत आपण आणि ऑलिम्पिकवाले साधारण बरोबरीचे. फरक सगळा जमिनीवर.

भाकरी करणारीचे हात नीट बघा. पाणी लावून झालं, वरची बाजू सुकली, की ती बोटांनीच भाकरी उलटते. बोटं तव्याला लागतात, न लागतात. पहिल्या फळीच्या धावपटूचं पाऊल पूर्ण वेगात असताना जमिनीला तेवढंच लागतं : एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही कमी. पण भाकरीवालीला त्या क्षणात फक्त उलटायचं असतं. धावपटूला तेवढ्यात वजनाच्या चार-पाच पटींपर्यंतच्या जोराने जमीन ढकलायची असते, तीही एका पायावर.

मग पायात जोर कमी पडतो का? तसंही नाही. त्याच संशोधकांनी पुढं लोकांना वेगात लंगडी घालायला लावली. लंगडीत त्याच पायाने धावताना लावतो त्याहून कितीतरी जास्त जोर लावला. म्हणजे ताकद होती. धावताना ती बाहेर काढायला वेळ नव्हता. स्नायूचे तंतू एका ठरावीक गतीने आकसतात. ते पुरते आकसेपर्यंत पाऊल पुढच्या जागी गेलेलं असतं. वेगाची मर्यादा बळात नाही, सवडीत आहे. नोकरी करणाऱ्या वाचकांना ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही.

पायरी ३ : पंप पाहून घ्या

आता अंतर वाढवा. एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर. इथं पायांची सवड संपत नाही, प्राणवायू संपतो.

आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात धावणाऱ्यांच्या पाठीवर पिशव्या बांधून त्यांचा उच्छ्वास गोळा केला आणि मोजला. स्वतःलाही त्याने सोडलं नाही. वेग वाढवत नेला की ऑक्सिजनचा वापर वाढत जातो, आणि एका ठिकाणी येऊन थबकतो; त्यापुढं कितीही पळा, जास्त ऑक्सिजन वापरला जात नाही. साध्या, व्यायाम न करणाऱ्या तरुणाचा हा आकडा वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४० मिलीलीटरच्या घरात असतो. जगातले उत्तम धावपटू ७० ते ८५पर्यंत जातात. शर्यतीचा घोडा दीडशेच्या पुढं असतो, पण त्याला मैलाच्या शर्यतीत घेत नाहीत.

नवशिके इथं फुप्फुसांना दोष देतात. फुप्फुसं बहुधा निर्दोष असतात. पालिकेचं पाणी खालच्या टाकीपर्यंत भरपूर आलेलं असतं; सातव्या मजल्यावरचा नळ कोरडा पडतो तो पंपामुळे. हृदय बसल्याजागी मिनिटाला पाच लीटर रक्त फिरवतं. तुमचंआमचं फार ताणलं तर वीसपर्यंत. अव्वल धावपटूचं ३५ ते ४०. सरावाने पंप सुधारतो, मात्र कितीही तेलपाणी केलं तरी छोट्या पंपाचं अग्निशामक दल होत नाही.

या अंतरावर एक नमुना पाहण्यासारखा आहे. १९४५ साली स्वीडनच्या गुंडर हॅगने मैल ४ मिनिटं १.४ सेकंदांत संपवला. पुढची नऊ वर्षं गाडी तिथंच अडकली, आणि चार मिनिटं हीच माणसाची हद्द असावी अशी चर्चा रंगली. ६ मे १९५४ रोजी रॉजर बॅनिस्टर नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी सकाळी लंडनच्या आपल्या रुग्णालयात गेला, मग ट्रेन पकडून ऑक्सफर्डला आला आणि ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. ही नवी हद्द ४६ दिवस टिकली, मग जॉन लँडीने तीही मागं टाकली. १९९९मध्ये हिशाम एल गेरूजने हे अंतर ३:४३.१३ मध्ये कापलं. चार मिनिटं हा गोल आकडा घड्याळाला प्रिय होता. हृदयाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पायरी ४ : मुदत ठेव मोडून पाहा

मॅरेथॉन : ४२.१९५ किलोमीटर. हा शेपटीचा आकडा १९०८च्या लंडन ऑलिम्पिकच्या मार्गावरून आला आणि १९२१मध्ये कायम झाला. त्या शेवटच्या १९५ मीटरला शिव्या घालताना कुणाला घालायच्या, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

हिशेब सोपा आहे. धावताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे २,९५०. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, असते जेमतेम २,००० कॅलरींची. भागाकार करा. तिसाव्या किलोमीटरच्या आगेमागे खातं रिकामं. धावणारे याला 'वॉल' म्हणतात. पाय शिशाचे होतात, डोकं साध्या बेरजा विसरतं, आणि शेजारून जाणाऱ्या माणसाचा विनाकारण राग येतो.

गंमत अशी की याच माणसाच्या पोटावर दहा किलो चरबी असते, म्हणजे ७७,००० कॅलरी, म्हणजे सव्वीस मॅरेथॉनचा शिधा. पण ती मुदत ठेव आहे. ती मोडायला अर्ज, शिक्का, सही. चरबी हळूहळू सुटते आणि जाळायला ऑक्सिजनही जास्त मागते. गल्ल्यात सुट्टे नाहीत आणि बँकेत लाख आहेत, अशा अवस्थेत माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. वाटेत साखर खावी तर आतडं ताशी ६० ग्रॅम आणि फार तर, ग्लुकोज-फ्रुक्टोज मिसळून, ९० ग्रॅम आत घेतं. बाकीची पोटात राहते आणि निषेध नोंदवते.

तज्ज्ञ हात पाहायचा असेल तर १२ ऑक्टोबर २०१९, व्हिएन्ना. केनियाचा एलियड किपचोगे : १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. त्याच्यासाठी सपाट रस्ता निवडला, थंड सकाळ निवडली. ४१ धावपटू आळीपाळीने त्याच्याभोवती वारा अडवत पळाले, समोरच्या गाडीने रस्त्यावर वेगाची रेघ दाखवली, सायकलवरून पाणी हातात आलं. एवढ्या बडदास्तीमुळे तो विक्रम म्हणून धरला गेला नाही. तरी शंभर मीटरला त्याला १७ सेकंद लागत होते. नवशिक्यांनी मैदानात जाऊन एकदा १७ सेकंदांत शंभर मीटर पळून पाहावं. जमलं? छान. आता असंच आणखी ४२१ वेळा, न थांबता.

पायरी ५ : घाम गाळा, पण वाळवा

स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, त्यातली पाऊण उष्णता होऊन अंगात राहते. धावणारा माणूस ही चालती भट्टी आहे. ती थंड ठेवायला त्वचेत लाखो घर्मग्रंथी आहेत, आणि एक लीटर घाम पूर्ण वाळला तर जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. 'वाळला तर' हे शब्द अधोरेखित करा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, कोपरावरून टपकतो. टपकलेला घाम हा फुकट गेलेला घाम. म्हणून मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटेच्या अंधारात सुरू होते, मे महिन्यातल्या दुपारी नाही.

तरीही या खात्यात माणूस श्रीमंत आहे. चित्ता आपल्याला काही पावलांत मागं टाकेल, पण तो थोड्याच वेळात दमून बसेल. चौखूर उधळणाऱ्या प्राण्याला दर उडीला एकच श्वास घेता येतो. त्याला धावताना धापा टाकत अंग निववता येत नाही. माणसाचा श्वास पावलाशी असा बांधलेला नाही, अंगावर दाट केस नाहीत, आणि घाम सर्वांगाला फुटतो. कलहारीतले सान शिकारी भर दुपारी हरणामागं तासन्‌तास धावत राहून ते उष्म्याने कोसळेपर्यंत पाठ सोडत नसत. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन यांनी २००४मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की आपली शरीररचना अशा लांब धावण्यासाठीच घडत गेली. आपले बसायचे स्नायू एवढे मोठे आहेत ते धावताना धड पुढं कोसळू नये म्हणून. ते आपण नंतर कशासाठी वापरले, हा वेगळा विषय.

वेल्समध्ये लॅनर्टिड वेल्स नावाच्या गावात, पबमधल्या एका वादातून, १९८०पासून माणूस विरुद्ध घोडा अशी डोंगराळ शर्यत होते. अंतर साधारण ३५ किलोमीटर. चोवीस वर्षं घोडा जिंकला. २००४मध्ये ह्यू लॉब या माणसाने घोड्यांना हरवलं आणि वर्षानुवर्षं साठत गेलेलं २५ हजार पौंडांचं बक्षीस नेलं.

*धोक्याची सूचना :* पाण्याबाबत प्रयोग करू नका, तो झालेला आहे. १९०४च्या सेंट लुईस ऑलिम्पिकची मॅरेथॉन भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावरून घेतली. संयोजकांना तहानलेलं शरीर कसं वागतं ते पाहायचं होतं, म्हणून पाण्याची सोय जवळपास नव्हतीच. ३२ जण सुटले, १४ पोचले. पहिला आलेला फ्रेड लॉर्झ बरंच अंतर मोटारीतून आला होता. दुसऱ्या आलेल्या थॉमस हिक्सला मदतनिसांनी वाटेत अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन पाजलं होतं. स्ट्रिक्निन म्हणजे विष. सुवर्णपदक हिक्सला मिळालं. उलट टोकाला, घटाघटा नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेततं. तहानेला विचारा, चिमूटभर मीठ विसरू नका.

पायरी ६ : जेवायला शिका

आता अनेक दिवस धावा. लिथुआनियाच्या अलेक्सांडर सोरोकिनने २०२२मध्ये वेरोनात २४ तासांत ३१९.६ किलोमीटर पार केले : मुंबईहून निघून जवळपास रत्नागिरी, एका दिवसरात्रीत. पण महिनोन्‌महिने असं चाललं तर?

२०१५मध्ये काही धावपटू पाच महिन्यांच्या आसपास, आठवड्यातले बहुतेक दिवस एकेक मॅरेथॉन पळत अमेरिका आडवी पार करायला निघाले. संशोधकांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. सुरुवातीला तो मोठा होता, मग उतरत उतरत एका पातळीला टेकला. इतर लांबलचक शर्यती आणि मोहिमांचे आकडे शेजारी मांडले तेव्हा दिसलं की माणूस फार दिवस तग धरतो तो स्वस्थ पडून राहण्याच्या खर्चाच्या अडीच पटीला. त्याहून जास्त खर्चलं तर शरीर स्वतःलाच खायला लागतं, कारण आतडं त्याहून जास्त अन्न पचवून आत घेऊ शकत नाही, असं त्यांचं अनुमान. म्हणजे सर्वांत लांबच्या शर्यतीत हद्द पायांची नाही, छातीचीही नाही, पंगतीची आहे.

त्याच आलेखावर आणखी एक ठिपका होता : गरोदर बाई. खर्च, २.२ पट. नऊ महिने, सुट्टी न घेता. प्रस्तुत लेखकाने हे मोठ्या उत्साहाने घरी वाचून दाखवलं. सौ. म्हणाल्या, "आणि तेव्हा मी डोंबिवली ते चर्चगेट उभी जात होते, ते कुठल्या ठिपक्यात धरलंय?"

पायरी ७ : खजिनदारांना भेटा

आमच्या सोसायटीचे खजिनदार गेली अकरा वर्षं प्रत्येक वार्षिक सभेत एकच वाक्य बोलतात : "फंडात काही नाही." रंगकाम? फंडात काही नाही. गच्चीची गळती? फंडात काही नाही. एका जुलैत कंपाउंडची भिंत पडली आणि चार दिवसांत नवी उभी राहिली. पैसे कुठून आले, असं सभेत विचारलं तर म्हणाले, "होते."

दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांचं म्हणणं साधारण हेच आहे. दमणूक म्हणजे पायांचा ताळेबंद नव्हे. मेंदूने आधीच काढलेली नोटीस. शरीर खरोखर मोडायच्या बरंच आधी मेंदू 'फंडात काही नाही' असं जाहीर करतो, म्हणजे भिंत पडलीच तर चार पैसे हाताशी राहतात. हा सिद्धान्त सगळ्या शास्त्रज्ञांना मान्य नाही, आणि पंप, साखर, उष्णता यांचे हिशेब खोटे ठरत नाहीत. पण एक गोष्ट डोळ्यांना दिसते : लांब शर्यतीत सगळं संपलेला माणूस शेवटच्या फेरीत वेग वाढवतो. संपलं होतं, तर हे आलं कुठून?

याचा पुरावा बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आळंदीहून माउलींची पालखी निघते, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल पडते. दोन आठवडे पायी चाललेली, टाचांना भेगा पडलेली माणसं, कितीतरी साठी ओलांडलेली, वेळापूरच्या अलीकडे उतारावर येतात. तुकोबांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीपर्यंत धावत सुटले, अशी कथा सांगतात. तिथं 'धावा' होतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या पदर खोचून उतारावरून पळत सुटतात. त्या क्षणी खजिनदारांची परवानगी कोणी मागितलेली नसते.

म्हणून सराव म्हणजे काय, तर खजिनदारांना हाकलणं नव्हे. रोज थोडं थोडं धावून त्यांना पावत्या दाखवत राहायचं : बघा, काल पाच किलोमीटर झाले, इमारत उभी आहे, आज सहा झाले, इमारत उभी आहे. वर्षभराने ते कुरकुरत का होईना, सही करतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*माणसाने आपली हद्द गाठली आहे का?* घोड्यांनी बहुधा गाठली आहे. केंटकी डर्बीत सेक्रेटेरिएटने १९७३ साली लावलेली १ मिनिट ५९.४ सेकंदांची वेळ पुढची पन्नास वर्षं कुठल्याही घोड्याला मोडता आली नाही. मार्क डेनी यांनी २००८मध्ये अशाच आलेखांवरून पुरुषांच्या शंभर मीटरची हद्द ९.४८ सेकंद काढली. बोल्टपासून ती एक दशांश सेकंद लांब आहे. पायरी १मधला उतावळेपणाचा वेळ तेवढाच.

*एवढ्याशा फरकाने काय होतं?* हे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला विचारा. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, ३,००० मीटर स्टीपलचेस. अठ्ठावीस अडथळे, सात पाणउड्या, ८ मिनिटं ११.२० सेकंद. केनियाचा अब्राहम किबिवोट : ८ मिनिटं ११.१५. पाच शतांश सेकंदांनी सुवर्णाचं रौप्य झालं. आणि तेच उलट वाचलं तर, ज्या शर्यतीत वर्षानुवर्षं तिन्ही पदकं केनियाच नेत आलं होतं, तिथं एक भारतीय मध्ये घुसला.

*छातीत दुखलं, डावा हात भरून आला, चक्कर आली तर?* थांबा. लगेच. हे वाक्य या मार्गदर्शिकेतलं एकमेव वाक्य आहे ज्यात विनोद नाही. खजिनदार कधी कधी खरं बोलतात. आणि सुरुवात करण्याआधी त्या वीस मिनिटंवाल्या डॉक्टरांना भेटा.

कृती पूर्ण झाल्याची खूण

केक झाला की नाही ते सुरी खुपसून बघतात. इथं काय खुपसायचं? आता 'प्रस्तुत लेखक' वगैरे बाजूला ठेवून सांगतो.

दीड वर्ष पावत्या दाखवल्यानंतर मी मुंबईत पूर्ण मॅरेथॉनला उभा राहिलो. तिसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं या मार्गदर्शिकेप्रमाणे चाललं होतं. त्यानंतरही मार्गदर्शिकेप्रमाणेच झालं. पेडर रोडचा चढ समोर आला आणि मी दुभाजकाच्या कडेला बसलो. ऊन वर आलेलं. गालावर मिठाचे कण हाताला लागत होते. एका शाळकरी मुलीने मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढं केली, ती घेण्यासाठी हात उचलायलाही जड वाटला. उरलेले किलोमीटर मोजायचे म्हणून बेचाळीसातून पस्तीस वजा करायला लागलो. दोनदा चुकलो.

तेवढ्यात पतपेढीच्या रौप्यमहोत्सवाचा विटका टी-शर्ट घातलेली एक आकृती चढावर आली. त्रेसष्ट वर्षांचे आमचे खजिनदार. ते धावतात हे सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी काही जाहीर करण्याची पद्धतच नाही. मला पाहून थांबले नाहीत, नुसते जागच्या जागी पावलं टाकत राहिले.

"काय हो, बसलात?"

"काका, संपलं सगळं."

"हिशेब कोणी तपासला?" एवढं म्हणाले आणि गेले.

मी संत्र्याची फोड खाल्ली. उठलो. चढ चालत काढला, उतारावर पाय आपोआप पडायला लागले, आणि अखेरच्या वळणावर लोकांचा आवाज ऐकू आला तेव्हा मी चक्क धावत होतो. साडेपाच तास लागले. किपचोगे एवढ्या वेळात दोन मॅरेथॉन संपवून तिसरी धरता.

सोमवारी डोंबिवलीच्या पुलाचा जिना मी उलटा उतरलो, कठडा धरून, एकेक पायरी. पुढं तोंड करून उतरायला मांड्या तयार नव्हत्या. अर्ध्यावर असताना ८:१२चा भोंगा वाजला. मी मान वळवून पाहिलं. डबा वीस-पंचवीस मीटरवर होता. फंडात काही नव्हतं.

ठाणं येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.